वाघ-बकरी: चार वाघ, वीस बकऱ्या आणि मागची जागा

 आम्ही पिंपरी पेंढारच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या. कांदा निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा, कान तेवढे इकडे द्या. आज कर्जाचा विषय नाही, औषधफवारणीचा नाही, की आरोग्य तपासणीचाही नाही. आज आपण एक खेळ शिकणार आहोत. तुमच्यातल्या काही आज्यांना तो येत असेल. त्यांनी आमची चूक सापडली तर जरूर कान धरावा.

हा विषय निघाला तो बचत गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, पण दोघी जणी अजून यायच्या होत्या. आमच्यातल्या एका आजींनी बसल्या बसल्या खडूचा तुकडा घेतला आणि ओट्याच्या फरशीवर रेघा ओढायला लागल्या. आम्हाला वाटलं, रांगोळी काढतायत. त्या म्हणाल्या, "रांगोळी न्हाई गं, वाघ-बकरी. आमच्या माहेरी देवळाच्या ओट्यावर दगडात कोरलेला पट होता. गुरं पाण्यावर गेली की आम्ही पोरी तिथंच बसायचो." आम्ही विचारलं, "तो पट आहे का अजून?" आजी म्हणाल्या, "देऊळ नवं केलं तव्हा फरशी बसवली. त्याखाली गेला."

त्या दिवशी बैठक तासभर लांबली. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण फरशीखाली गेलेला तो पट काही मनातून जाईना. म्हणून ठरवलं, दगड तर परत आणता येत नाही, पण खेळ तरी सगळ्यांपर्यंत पोहोचवू.

आधी हा खेळ कसला ते सांगतो. पटावरचे खेळ ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात फासे किंवा कवड्या टाकायच्या आणि पडेल तेवढी घरं चालायची. सारीपाट तसा, सोंगट्यांचा पट तसा, सापशिडीही तशीच. त्यात हुशारी लागते, पण दान चांगलं पडावं लागतं. दुसऱ्या प्रकारात दान नसतंच. सगळं समोर उघडं मांडलेलं असतं आणि जिंकणं-हरणं आपल्या चालीवर ठरतं. बुद्धिबळ तसं, आणि वाघ-बकरीही तशीच. फरक एवढाच की बुद्धिबळात दोन्ही बाजूंचं सैन्य सारखं असतं. वाघ-बकरीत नसतं. एका बाजूला थोडे वाघ, ते उडी मारून खातात. दुसऱ्या बाजूला पुष्कळ बकऱ्या, त्यांना कुणालाच खाता येत नाही. वाघाने बकऱ्या मारायच्या आणि बकऱ्यांनी वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. एवढाच खेळ.

आता इतिहासाकडे वळू, आणि त्यासाठी लांब जायला नको. आपल्या गावावरून कल्याण-नगर रस्ता जातो. आज गाड्या माळशेज घाटातून खाली कोकणात उतरतात. पण त्याच्या जवळच, जुन्नरहून घाटघरकडे गेलं की जीवधन किल्ल्याच्या अंगाला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यात मालाची वाहतूक या घाटाने व्हायची. कल्याण आणि सोपारा इथल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी आजही एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचं नाणं त्यात टाकायचे असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

घाटात एक कोरीव गुहा आहे. तिच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. तो नागनिका राणीचा लेख म्हणून ओळखला जातो. कोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती आणि नाणी दान दिली याची त्यात यादी आहे. आकडे अंकांत कोरलेले आहेत, आणि भारतातल्या फार जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. त्या नावांत राणीचंही नाव आहे. वहीत हिशोब लिहिणाऱ्या आपल्या गटाच्या सचिवांनी एकदा तरी तिथं जाऊन ते दगडातले आकडे बघावेत.

राणीचा लेख सगळे बघतात. पण खाली कातळाकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. नाणेघाटात कातळावर कोरलेले खेळांचे पट अभ्यासकांनी नोंदवलेले आहेत. महाराष्ट्रात लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या देवड्यांमध्ये, देवळांच्या पायऱ्यांवर असे पट ठिकठिकाणी आढळतात. कुठे दोन ओळींत खोदलेले वाटीसारखे खळगे असतात. त्यांत चिंचोके किंवा खडे वाटत जायचं. कुठे एकात एक तीन चौकोन असतात, ती नवकंकरी. प्रत्येकी नऊ खडे घेऊन तीन-तीनची ओळ लावायची. आणि कुठे वाघ-बकरीच्या रेघा असतात.

हे पट कोरले कुणी? त्यांच्यावर नाव नसतं. पण जागा पाहिली की अंदाज येतो. जकात भरायला थांबलेला व्यापारी, बैलांच्या पाठीवरची ओझी उतरवून सावलीला टेकलेला तांडेवाला, दरवाजावरचा पहारेकरी, गुरं राखणारी पोरं. ज्यांना वाट बघावी लागते त्यांच्या जागा आहेत त्या. राजवाड्यात हस्तिदंती सोंगट्या असतील. इथं दगड हाच पट आणि पायाजवळचे खडे हेच वाघ आणि बकऱ्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. लेणं दोन हजार वर्षांचं म्हणून त्यातला पटही दोन हजार वर्षांचा, असं लगेच म्हणता येत नाही. जुन्या दगडावर नंतरच्या काळातला माणूसही रेघा ओढू शकतो. मग अभ्यासक काय बघतात? पटाचा काही भाग भिंतीखाली किंवा खांबाखाली गेला असेल तर पट आधीचा आणि भिंत नंतरची. पट कोरलेला दगड भिंतीत उभा बसवलेला असेल, तर तो आधी कधीतरी आडवा होता आणि नंतर बांधकामात वापरला गेला, कारण उभ्या भिंतीवर खडे राहत नाहीत. रेघांची झीज आजूबाजूच्या दगडाइतकीच आहे का, हेही बघतात. थोडक्यात, पटाचं वय त्याच्या जागेवरून कळतं. दगड उचलून दुसरीकडे नेला की ही खूणच पुसली जाते.

हा खेळ आपल्यापुरता नाही. नेपाळात याला बाघचाल म्हणतात आणि तिथे तो घरोघरी माहीत आहे. तमिळनाडूत आडु पुली आट्टम, कर्नाटकात आडु हुली आट. त्यातलं आडु म्हणजे बकरी, आणि पुली किंवा हुली म्हणजे वाघ. हंपीला विठ्ठलाचं मोठं देऊळ आहे. त्या नगरीतल्या दगडी फरशांवरही खेळांचे पट कोरलेले आहेत. श्रीलंकेतली गंमत बघा. तिथे जंगलात पट्टेवाला वाघ नाही, बिबट्या आहे. म्हणून तिथल्या खेळाचं नाव दिवियन केळिया, म्हणजे बिबट्यांचा खेळ. युरोपात वाघ नाही, बिबट्याही नाही, तर तिथे कोल्हा आणि हंस. ज्या मुलखात ज्या जनावराची भीती, ते पटावर येऊन बसलं. आपल्या जुन्नर-आंबेगावात आपण बिबट्यालाच वाघ म्हणतो. तेव्हा आपल्या पटावरचा वाघ कोणता, ते सांगायला नको.

आता कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर खडू घ्या आणि पट काढायला लागा. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण ठिपक्यांची रांगोळी येते तिला हा पट येतो.

पाच ठिपके एका ओळीत काढा. त्याखाली तसेच पाच. असं करत पाच ओळी. पाच पाचे पंचवीस ठिपके झाले. आता सगळ्या आडव्या ओळी जोडा, मग सगळ्या उभ्या ओळी जोडा. सोळा लहान चौकोन तयार होतील. आता या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ, तशीच दुसऱ्या दोन कोपऱ्यांमध्ये. मोठी फुली झाली. शेवटी चारही बाजूंचे मधले ठिपके शोधा आणि ते एकमेकांना तिरक्या रेघांनी जोडा. मोठी शंकरपाळी तयार होते. झाला पट.

बरोबर आला की नाही, कसं ओळखायचं? अगदी मधल्या ठिपक्यातून आठ रेघा फुटायला हव्यात. कोपऱ्यातल्या ठिपक्यातून तीन. मधल्या ठिपक्याच्या लगेच उजवीकडचा ठिपका घ्या, त्यातून चारच रेघा निघतील, तिरकी एकही नाही. हे जुळलं तर पट बरोबर आहे.

वाघ म्हणून चार मोठ्या वस्तू घ्या, बाटलीची बुचं किंवा गजगे चालतील. बकऱ्या म्हणून वीस चिंचोके किंवा तुरीचे दाणे घ्या. शेंगदाणे घेऊ नका. आम्ही घेतले होते. डाव संपायच्या आत बकऱ्या संपल्या आणि त्या वाघाने नव्हत्या खाल्ल्या.

खेळायला दोघी लागतात. एक वाघवाली, एक बकरीवाली. नियम असे.

एक. चारही वाघ चार कोपऱ्यांत ठेवायचे. पट बाकी रिकामा.

दोन. पहिली पाळी बकरीवालीची. एका पाळीत एकच बकरी, कोणत्याही रिकाम्या ठिपक्यावर ठेवायची. मग वाघवाली एक वाघ हलवेल. मग पुन्हा एक बकरी. वीसही बकऱ्या पटावर येईपर्यंत ठेवलेली बकरी हलवायची नाही.

तीन. वाघ रेघेवरून शेजारच्या रिकाम्या ठिपक्यावर एक पाऊल जातो. शेजारी बकरी असेल आणि तिच्या बरोबर मागचा ठिपका, त्याच सरळ रेघेत, रिकामा असेल, तर वाघ बकरीवरून उडी मारून तिथे जातो. ती बकरी मेली, ती पटावरून उचलायची. एका पाळीत एकच उडी. वाघाला वाघावरून उडी नाही, आणि दोन बकऱ्यांवरून एकदम उडी नाही.

चार. वीस बकऱ्या मांडून झाल्या की बकऱ्याही हलू लागतात. रेघेवरून शेजारच्या रिकाम्या ठिपक्यावर एक पाऊल. उडी बकरीला नाही.

पाच. वाघांनी पाच बकऱ्या मारल्या तर वाघवाली जिंकली. चारही वाघांना एकही पाऊल किंवा उडी उरली नाही तर बकरीवाली जिंकली. त्याच त्या चाली फिरू लागल्या तर बरोबरी मानून नवा डाव मांडायचा.

आता एक छोटा डाव सोबतच खेळू. वरच्या ओळीतले पाच ठिपके डावीकडून मोजा. पहिल्यावर आणि पाचव्यावर वाघ आहेत. तुम्ही बकरीवाल्या. पहिली बकरी मधल्या, तिसऱ्या ठिपक्यावर ठेवा. वाघवालीने पहिल्या ठिपक्यावरचा वाघ दुसऱ्यावर सरकवला. आता तो बकरीच्या शेजारी आहे आणि तिच्या मागचा चौथा ठिपका रिकामा आहे. पुढच्या पाळीत उडी येणार. काय कराल?

आमच्या गटात बहुतेकींनी दुसरी बकरी लांब कुठेतरी ठेवली. ही तर जाणारच, दुसरी तरी वाचव, असं त्यांना वाटलं. आजी हसल्या आणि त्यांनी दुसरी बकरी चौथ्या ठिपक्यावर ठेवली. सरळ त्या पाचव्या ठिपक्यावरच्या वाघाच्या जबड्याजवळ! आम्ही ओरडलो, "आजी, आता दोन्ही जातील." पण बघा हं. डावीकडच्या वाघाला तिसऱ्यावरून उडी मारायची तर चौथा ठिपका भरलेला. उजवीकडच्या वाघाला चौथ्यावरून उडी मारायची तर तिसरा भरलेला. या दोन बकऱ्या कडेच्या ओळीत आहेत, म्हणून वरून-खालून किंवा तिरकी उडी बसत नाही. दोन वाघांच्या मधोमध दोन बकऱ्या आणि दोघींना धक्का नाही.

त्या दिवशी आम्हाला खेळ कळला. बकरी वाघाच्या शेजारी असते म्हणून मरत नाही. तिच्या मागची जागा रिकामी असते म्हणून मरते. आजी चाल करताना वाघाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर बकरीच्या मागच्या ठिपक्यावर असायची.

यातूनच बकरीवालीसाठी चार गोष्टी निघतात. सुरुवातीला बकऱ्या कडेकडेने ठेवा, कारण कडेच्या बकरीवर फक्त कडेच्या रेघेतून उडी येते. कोपरा रिकामा झाला तर तिथे बकरी बसवा, कारण कोपऱ्यातल्या बकरीवरून उडी मारताच येत नाही, पलीकडे पट संपतो. मधल्या ठिपक्याची घाई करू नका, तिथे आठही बाजूंनी वाघ येऊ शकतो. आणि एकटी बकरी आत सोडू नका.

वाघवालीलाही शहाणपण लागतं. तिने कोपरे लवकर सोडावेत आणि मधला भाग धरावा. चारही वाघ एकाच बाजूला गेले तर उरलेल्या पटावर बकऱ्या सुखाने बसतात. आणि बकरी दिसली की उडी मारलीच पाहिजे असं नाही. कधी कधी बकरीवाली एक बकरी मुद्दाम देते आणि वाघाला अशा ठिपक्यावर आणते की तिथून तो बाहेर पडत नाही. आयतं समोर आलं तर आधी मागचा रस्ता बघावा, हे वाघालाही लागू आहे.

आता थोडा हिशोब. कोपऱ्यातला एक वाघ कोंडायचा तर किती बकऱ्या लागतील? त्याच्या शेजारी तीन ठिपके, तिथे तीन बकऱ्या. पण तेवढ्याने भागत नाही. त्या तिघींच्या मागचे तीन ठिपकेही भरायला हवेत, नाहीतर उडी आली. म्हणजे एका वाघाला सहा बकऱ्या. चार कोपऱ्यांत चार वाघ असतील तर चोवीस लागतील असं वाटेल. पण मागच्या जागा सामाईक होतात. मधल्या ठिपक्यावर बसलेली एकच बकरी चारही कोपऱ्यांकडच्या बकऱ्यांची पाठ राखते. बाजूच्या मधल्या ठिपक्यावरची बकरी दोन्हीकडच्या दोघींची पाठ राखते. मोजून बघा, सतरा बकऱ्यांत काम होतं. वीसपैकी तीन गेल्या तरी उरलेल्या सतरा जणी चार वाघ चार कोपऱ्यांत कोंडू शकतात. मुलांना पाढे पाठ करायला लावण्याआधी हे एकदा मोजायला सांगा.

मग यात जिंकायला सोपं कुणाला, वाघांना की बकऱ्यांना? नवीन खेळणारी वाघ मागते, कारण सुरुवातीला वाघच जिंकतात. पाच-सहा डाव झाले की बकरीवाली शिकते आणि पारडं फिरतं. यू जिन लिम आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोन अभ्यासकांनी हा चार वाघ, वीस बकऱ्यांचा खेळ संगणकावर तपासला. त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे खाणारे चार आणि न खाणाऱ्या वीस, यांचं बळ तोललं तर सारखं भरतं. ज्या कुणी हे आकडे पहिल्यांदा ठरवले त्यांच्याकडे संगणक नव्हता, शाळाही नव्हती. पिढ्यानपिढ्या खेळून खेळून त्यांनी हे माप बसवलं.

आमच्यात मात्र एक भांडण अजून मिटलेलं नाही. आजी म्हणतात, "आमच्या येळंला तीनच वाघ व्हते." नवीन सून म्हणते, मोबाइलवर चार दाखवतात. दोघीही बरोबर आहेत. दक्षिणेत डोंगरासारखा त्रिकोणी पट असतो, तेवीस ठिपक्यांचा. त्यात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. वाघ शेंड्यापासून सुरू होतात. गावागणिक पट, आकडे आणि नियम बदलतात. तुमच्याकडे जसा खेळतात तसा खेळा, फक्त डाव सुरू करण्याआधी नियम ठरवून घ्या. गटाचं जसं, तसंच डावाचं. नियम आधी ठरले नाहीत की मग तोंडं फिरतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पटावर वाघाला घेरायचं असतं. रानात नाही. आपल्या उसात, मक्यात बिबट्या आहे आणि त्याची भीती खोटी नाही. पण बिबट्या दिसला की गर्दी करून त्याच्या भोवती जमायचं, त्याची वाट अडवायची, मोबाइल घेऊन जवळ जायचं, हे जिवावर बेततं. कोंडलेला बिबट्या अंगावर येतो. त्याला जायला वाट द्या, लेकरांना घरात घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शेळ्या-करडं रात्री बंद गोठ्यात ठेवा, आणि पहाटे-संध्याकाळी शेताकडे एकटीने जाऊ नका. एकटीने जाऊ नका, हे मात्र पटावर आणि रानात दोन्हीकडे खरं.

आता कुणी म्हणेल, बायकांना खेळायला फुरसत कुठे आहे? खरं आहे. पाणी, सरपण, शेत, गुरं, पोरं, यातून उरतं काय? पण आजींच्या लहानपणी काम कमी नव्हतं. त्या गुरं पाण्यावर सोडून खेळत होत्या. नाणेघाटातला तांडेवाला काम सोडून खेळत नव्हता, कामाच्या मधल्या वेळात खेळत होता. आपल्यालाही तसा वेळ मिळतो. रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, बैठकीला सगळ्या जमेपर्यंत. तो वेळ आपण मोबाइलवर घालवतो किंवा नुसत्या बसून काढतो. एका खडूने तो वेळ डोक्याला लावता येतो.

आणि पटावरचे खेळ बायकांना झेपत नाहीत असं कुणी म्हणालं, तर त्यांना नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव सांगा. २०२५ मध्ये तिने बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही एकोणीस वर्षांची असताना. अंतिम फेरीत तिच्यासमोर आपल्याच देशाची कोनेरू हम्पी होती. म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना आपल्याच मुली. त्यांच्या हातात बुद्धिबळ होतं, आपल्या हातात वाघ-बकरी आहे. पुढची चाल डोक्यात खेळून बघण्याची सवय दोन्हीकडे तीच.

आमच्या गटात त्या दिवसापासून एक बदल झाला, तो सांगून थांबतो. आधी एखादीचा हप्ता चुकला की आम्ही तिच्याकडे बघायचो. ती मान खाली घालायची, पुढच्या बैठकीला यायचीच नाही, आणि मग सावकाराच्या दारात उभी राहायची. आता कुणीतरी आजींच्या भाषेत विचारतं, "हिच्या मागची जागा कुणी धरायची?" दर वेळी जमतंच असं नाही. पैसा कुणाकडेच फार नसतो. कधी कुणी हप्ता भरते, कधी कुणी तिच्या रानात एक दिवस खुरपायला जाते, कधी नुसतं बँकेत सोबत जाते. पण ती एकटी पडत नाही.

आता तुमच्याकडे दोन मागण्या. पहिली, या आठवड्यात घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा, तिच्या लहानपणी पटावरचे कोणते खेळ होते, त्यांची नावं काय, नियम काय. वहीत लिहून ठेवा. पटाचं चित्र काढून ठेवा. म्हातारी गेली की पटही जातो.

दुसरी, तुमच्या गावात देवळाच्या ओट्यावर, बारवेच्या पायरीवर, वेशीच्या दगडावर किंवा डोंगरातल्या कातळावर अशा रेघा किंवा खळग्यांच्या ओळी असतील, तर त्या जपा. त्यांच्यात शेंदूर, चुना किंवा खडू भरू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. पाणी शिंपडून किंवा सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं की रेघा आपोआप दिसतात. फोटो काढा, शेजारी माप कळावं म्हणून काडेपेटी ठेवा. दगड जागचा हलवू नका. आणि देवळाचा जीर्णोद्धार निघाला की ग्रामसभेत उठून सांगा, फरशी जरूर बसवा, पण एवढा दगड उघडा ठेवा. नवं देऊळ हवंच आहे. त्याच्या ओट्यावर हातभर जुना दगड राहिला तर देवाची जागा अडत नाही.

आजींच्या माहेरचा पट गेला तो गेला. पण परवा आमच्या बैठकीला आलो तर ओट्यावर दोन पोरी आधीच पट काढून बसल्या होत्या. आजी शेजारी बसून डोळे मिटल्यासारख्या करून बघत होत्या. एकीने बकरी ठेवली तशा त्या न राहवून म्हणाल्या, "मागं बघ, मागं!"

तर मैत्रिणींनो, खडू शोधा आणि डाव मांडा. कोण जिंकलं ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.